मोती तलावासमोरचा लॉज: खोली घ्याल तर तळ्याकडचीच घ्या

सावंतवाडी माझं माहेर. आईवडील गेले, भाऊ नोकरीनिमित्त बाहेर स्थिरावले आणि सालईवाड्यातलं घर विकलं गेलं. त्यामुळे हल्ली गावी जायचं म्हणजे लॉज बघावा लागतो. रजिस्टरमध्ये ‘येण्याचं कारण’ असा रकाना होता, तिथे मी ‘माहेर’ लिहिलं. काउंटरवरच्या मुलाने वाचलं आणि आधार कार्डावरचा डोंबिवलीचा पत्ता बघून विचारलं, “काकी, तुमी मूळच्या खयच्या?” म्हटलं, “हयचीच रे.” मग त्याने आजोळ, वाडा, आडनाव सगळं काढून घेतलं, पण खोलीचं भाडं काही कमी केलं नाही.

लॉजचं नाव देत नाही. तळ्याच्या काठाने अशा दोन-चार इमारती आहेत आणि गुणदोष साधारण सारखेच. सगळा फरक पडतो तो खिडकीचा. मागच्या बाजूच्या खोल्या स्वस्त, पण त्यातून दिसतात शेजारच्यांच्या पाण्याच्या टाक्या. त्यापेक्षा घरीच बसावं. तळ्याकडच्या खोलीला जास्त पैसे पडतात, ते बिनतक्रार द्या.

खिडकी उघडली की समोर मोती तलाव. पलीकडे झाडांत राजवाडा, जांभ्याचा, तिसऱ्या खेम सावंतांच्या काळातला (१७५५ ते १८०३). मागे नरेंद्र डोंगर. डोंगरावर पाऊस उतरला की पाच मिनिटांत तळ्यावर येतो, हे आम्हाला शाळेत असल्यापासून पाठ. डोंगर दिसेनासा झाला की दप्तर डोक्यावर घेऊन पळायचं. आताही तसंच होतं, फक्त मी पळत नाही. खुर्ची खिडकीशी ओढून बसते आणि खाली काठावर फिरायला आलेल्यांची धांदल बघते. गावात असताना तळं असं वरून कधी बघितलंच नव्हतं. आम्ही सदा काठावर. वरून कळलं की संध्याकाळी फेरी मारणाऱ्यांच्या ठरलेल्या जोड्या असतात आणि केशवसुत कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांच्या जागाही ठरलेल्या असतात. एकाच्या जागेवर कुणी पर्यटक जोडपं फोटो काढत बसलं होतं. तो गृहस्थ त्यांच्यासमोर हाताची घडी घालून उभा राहिला, ते उठेपर्यंत. एक शब्द बोलला नाही. याला म्हणतात वाडीकर.

आवाजाचं म्हणाल तर पूर्वीपेक्षा खूप बरं. आमच्या वेळी मुंबई-गोवा महामार्गाची वाहतूक गावातूनच जायची, रात्रभर ट्रकांची घरघर. झाराप-पत्रादेवीचा रस्ता झाल्यापासून जड गाड्या बाहेरच्या बाहेर जातात. हॉटेलवाले म्हणतात धंदा बसला. असेल. मला मात्र झोप लागली. काठावरच्या दिव्यांचा उजेड तेवढा खोलीत येतो आणि लॉजचे पडदे नावालाच आहेत, तेव्हा डोळ्यांवर घ्यायला ओढणी ठेवा.

बाथरूम स्वच्छ. गरम पाणी सकाळी ठरावीक वेळेतच, तेही हाक मारल्यावर. लिफ्ट नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी पहिला मजला आधीच सांगून ठेवावा. डास आहेत. तळं आहे म्हणजे डास असणारच. कॉइल मागितली तर देतात, काडेपेटी मात्र आपली.

खायला इथे काही मिळत नाही, फक्त चहा, तोही साखरेचा पाक. नाश्त्याला बाहेर पडा, घावणे किंवा उसळ-पाव खा. दुपारी कुठल्याही साध्या खानावळीत बांगड्याचं तिखलं मिळालं तर दुसरं काही मागवू नका. त्यात तिरफळ (माशात घालायचा आमच्याकडचा मसाला) आहे का ते आधी विचारा. नसेल तर सरळ तळलेला मासा घ्या. सोलकढी गुलाबी सरबतासारखी दिसली तर हात लावू नका.

चितारआळी लॉजपासून चालत जाण्यासारखी. लाकडी आंबे, केळी, सीताफळं अजून टोपल्यांत मांडलेली असतात, भातुकलीही मिळते. पण दुकानात बाहेरचा माल मिसळलेला असतो, तेव्हा ‘इथे केलेलं कुठलं?’ असं सरळ विचारावं. खरा दुकानदार त्याने रागावत नाही. मी नातीसाठी भातुकली घेतली. जात्याचा खुंटा जरा सैल होता, दुकानदाराने समोरच ठोकून दिला.

राजवाड्यात दरबार हॉलमध्ये गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले जुन्या पद्धतीचे पत्ते, रंगवताना बघायला मिळतात, ते चुकवू नका. दशावतारी संचात १२० गोल पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा: राजा, प्रधान आणि एक ते दहा. इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ही बुडत चाललेली कला पुन्हा उभी केली. मी गेले तेव्हा एक मुलगी मत्स्याचं पान रंगवत होती. माशाच्या अंगावरचे खवले एकेक करून, श्वास रोखून. ब्रश उचलला की श्वास सोडायची. नियम ऐकायला गंमत वाटते: दिवसा डाव रामाच्या राजापासून सुरू होतो, रात्री कृष्णाच्या. लहानपणी त्या राजवाड्यासमोरून रोज शाळेत गेले, पण हे मला साठी ओलांडल्यावर कळलं, कारण आमच्या घरी पत्ते म्हणजे फक्त बदामसात. संच महाग आहे, हाताचं काम बघितल्यावर महाग वाटत नाही. मी मात्र सुटी पानं घेऊन आले.

येण्याजाण्याला दादरहून तुतारी एक्सप्रेस सोयीची. केशवसुतांच्या कवितेचं नाव गाडीला दिलंय, याचं आम्हा वाडीकरांना अजून कौतुक आहे. स्टेशन मात्र गावात नाही, मळगावला आहे. रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा.

माझी खरी तक्रार चेक-आउटची. सकाळी दहाला खोली सोडा म्हणतात आणि परतीची तुतारी संध्याकाळची. जास्त वेळ मागितला तर अर्ध्या दिवसाचं भाडं लावतात. सामान काउंटरखाली ठेवू देतात, फुकट. पण कपडे बदलायला, जरा आडवं व्हायला जागा नाही. आमच्यासारख्या वयस्कर माणसांची संख्या बघता एक खोली तरी यासाठी ठेवायला हरकत नाही.

पाचपैकी साडेतीन. त्यातले दोन खिडकीचे.