नायिकेचा मामा

मालिकेसाठी कलाकार निवडतो, म्हणजे कास्टिंग करतो, असं सांगून फसवणाऱ्यांना मी दिलेले एकूण 73,000 रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना सारखं "पण गेले किती?" असं होणार नाही. पाच वेळा दिले, पाच वेगळ्या कारणांसाठी दिले, आणि दरवेळी हे शेवटचेच असं समजून दिले.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात शेतकी विभागात क्लार्क आहे. वय 41. घरून पळून हिरो व्हायला निघालेल्या पोरांतला मी नाही. पण सतरा-अठरा वर्षं हौशी रंगभूमीवर काढलीत. राज्य नाट्य स्पर्धेत अभिनयाचं एक रौप्यपदक आहे, दोन गुणवत्ता प्रमाणपत्रं आहेत. ज्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 1843 साली 'सीता स्वयंवर' हे नाटक उभं केलं, त्या गावात टाळ्या घेतलेल्या माणसाला आपण कुणीतरी आहोत असं वाटायला लागतंच. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. मला गळाला लावायला त्यांना हेच पदक उपयोगी पडलं.

अलीकडे बऱ्याच मराठी मालिकांचं शूटिंग सातारा, वाई, कोल्हापूर भागात चालतं. तलाठी, पोस्टमन, हवालदार, डॉक्टर असल्या एक-दोन दिवसांच्या भूमिकांना आसपासची नाटकातली माणसं लागतात. आमच्या ग्रुपमधल्या दोघांना अशी कामं मिळाली होती. एकाचा तर दीड मिनिटाचा प्रसंग आम्ही सगळ्यांनी तालमीच्या हॉलवर एकत्र बसून पाहिला. घरी येताना गाडीवर मी काही बोललो नाही. बायकोने विचारलं, "पोटात दुखतंय का?" एका अर्थी दुखतच होतं.

मार्चमध्ये, हंगाम संपत आला तसा मी मोबाइलवर इंट्रो शूट केला. नाव, वय, उंची, गाव, मग डावा चेहरा, उजवा चेहरा. फेसबुकवरच्या ऑडिशनच्या एका ग्रुपवर टाकला. तिसऱ्या दिवशी फोन.

"सर, कास्टिंगमधून बोलतोय. तुमचं थिएटर बॅकग्राउंड लगेच कळतं हो. नवीन मालिकेत नायिकेचा मामा आहे, चॅनलला थिएटरचाच माणूस हवाय."

कुठलं चॅनल, कुणाची निर्मिती, हे विचारलं मी. "ते आत्ता सांगता येत नाही सर, गोपनीयतेचा करार असतो." असा करार खऱ्या कामातही असतो, त्यामुळे खोटं कुठून सुरू झालं ते कळलं नाही.

दीड पानाचा प्रसंग आला. मागच्या खोलीत भिंतीला निळी चादर लावून शूट केला. नायिकेची वाक्यं बायकोने वाचली, लाइट बिल वाचावं तशी. रात्री अकराला पाठवलं, सकाळी नऊला उत्तर: "एक्सलंट! शॉर्टलिस्टेड!"

इथेच थांबायला हवं होतं. इतक्या वर्षांत आमच्या दिग्दर्शकाने मला एकदाही "एक्सलंट" म्हटलेलं नाही. वाक्याचा शेवट गिळतोस, हातांचं काय करतोस, प्रेक्षकांकडे बघून का रडतोस, असं काहीतरी असतंच. कास्टिंगवाल्यांना खरोखर तुमचा विचार करायचा असला तर तेही हेच करतात. पुन्हा पाठवा म्हणतात, आवाज खाली आणा म्हणतात, तोच प्रसंग राग न दाखवता करा म्हणतात. मी तर कॅमेऱ्यापुढे बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा ओरडलो होतो. त्यावर एक सूचना नाही. कौतुक ऐकायच्या नादात ते माझ्या लक्षातच आलं नाही.

मग पैसे. पहिले 1,500 नोंदणीचे. एवढे तर आपण स्पर्धेच्या प्रवासात चहापाण्यावर घालवतो, म्हणून दिले. मग पोर्टफोलिओ, 16,000. "मोबाइलवरचे फोटो चॅनलला नाही पाठवता येत सर."

त्यासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून दादरला उतरलो, तिथून अंधेरी. ऑफिस म्हणजे एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरची खोली. भिंतीवर गाजलेल्या मालिकांची पोस्टर्स. मी खुर्चीत बसून बघत होतो. सगळी पोस्टर्स चार कोपऱ्यांना सेलोटेपने चिकटवलेली, आणि त्यांच्या खाली भिंतीवर जुन्या टेपचे पिवळे चौकोन, वेगळ्या मापाचे. म्हणजे आधी तिथे दुसरंच काहीतरी लावलेलं होतं. हे मी पाहिलं, आणि नेपथ्य लावणाऱ्या माणसाला त्यातून जे कळायला हवं ते मला कळलं नाही. फोटो मात्र बरे आले. पोलिसाच्या टोपीत एक, धोतरात एक, कोटात एक.

तिसरा हप्ता सगळ्यात मोठा, 38,000. "चॅनलला तुम्ही आवडलात, पण सर, तुमचा अभिनय जरा लाउड आहे, थिएटरचा आहे. कॅमेरा ॲक्टिंगचं वर्कशॉप करून घ्या, मग लॉक." हे वाक्य मला अजून आठवतं, कारण ते खरं होतं. माझ्या कामातला खरा दोष त्यांनी पकडला आणि तोच मला विकला. कारखान्याच्या सेवकांच्या पतसंस्थेतून 40,000 चं कर्ज काढलं. कारण लिहिलं 'घरदुरुस्ती'. वर्कशॉप म्हणजे व्हिडिओ कॉलवर दहा तास, त्यातले चार तास "आत्मविश्वास" या विषयावर.

मग 5,500 आर्टिस्ट कार्डाचे. "कार्डाशिवाय सेटवर सोडत नाहीत." आणि 12,000 करारापोटी अनामत, पहिल्या शेड्युलनंतर परत मिळणारी. 500 च्या स्टॅम्पपेपरवर सह्या, शिक्का, माझा फोटो. प्रत्येक पानाखाली सही करताना हात थोडा थरथरला, आनंदाने.

आता शूटिंगचा दिवस सांगतो, कारण हा प्रकार इतका पुढे जाईल असं कुणाला वाटत नाही. "फसवणारे पैसे घेऊन पळतात, आम्हाला तर त्यांनी शूट दिलं," असं म्हणत माझ्याबरोबर फसलेल्यांतले दोघं त्यानंतरही दोन आठवडे त्यांची बाजू घेत होते.

मुंबईत मढला एका बंगल्यात बोलावलं. एक कॅमेरा, एक लाइट, उजेड परतवायला थर्मोकोलचा पत्रा, एक मेकअपवाली मुलगी. आम्ही सहाजण. दुपारी वडापाव आला, तो खाताना ओळखी झाल्या. नगरचे एक निवृत्त शिक्षक होते. मी विचारलं, "सर, तुमचा रोल काय?" म्हणाले, "नायिकेचा मामा." पलीकडून नाशिकचा एकजण वळून म्हणाला, "मामा तर मी आहे."

सहा जणांत आम्ही तीन मामा निघालो. क्षणभर सगळे गप्प. मग नगरच्या सरांनीच तोडगा काढला, "तीन भाऊ असतील नायिकेच्या आईला." हसलो सगळे. कोऑर्डिनेटरला विचारलं, तर तो जराही न गडबडता म्हणाला, "चॅनल ऑप्शन मागतं सर, तिघांचंही शूट दाखवतो." मामा बनवणे हा वाक्प्रचार शाळेपासून वापरतोय, पण तिथे बंगल्याच्या पायरीवर बसून तो मला सुचला नाही.

माझा प्रसंग एका दमात झाला. "कट, सुपर." ना दुसऱ्या कोनातून, ना जवळून. त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली नव्हती, पण ती मला पुढे कळली.

जूनमध्ये फोन लागेनासा झाला. आधी "चॅनलमध्ये बदल झालेत", मग "स्लॉट पुढे गेला", मग नुसतीच रिंग, मग तीही नाही. ज्या ऑफिसात फोटो काढले तिथे नगरचे सर जाऊन आले. खोली तासावर भाड्याने मिळते असं खालच्या वॉचमनने सांगितलं.

पोलिसांत गेलो. तिथल्या साहेबांनी कागद नीट वाचले, आणि मग जे सांगितलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं आहे. पावत्यांवर कुठेही 'भूमिकेसाठी' असा शब्द नव्हता. 'छायाचित्रण शुल्क', 'प्रशिक्षण शुल्क', 'ना-परतावा'. फोटो मिळाले होते, प्रशिक्षण झालं होतं. करारात बारीक अक्षरात होतं की काम मिळणं चॅनलच्या निर्णयावर अवलंबून राहील. "तुम्ही म्हणता रोलसाठी दिले, कागद म्हणतो क्लाससाठी दिले." भूमिकेचं सगळं बोलणं फोनवर झालं होतं. व्हॉट्सॲपवर फक्त "प्रोसेस", "नेक्स्ट स्टेप" असले शब्द. पाचही वेळा यूपीआयवर खातं वेगळं, नाव वेगळं. तक्रार घेतली त्यांनी, पण पैसे जाऊन कैक आठवडे झाले होते. ऑनलाइन पैसे गेल्याचं कळताच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तर रक्कम पुढे सरकण्याआधी खात्यात गोठवता येऊ शकते. मी लाजेपोटीच महिनाभर कुणाला बोललो नव्हतो.

महिन्याभराने आणखी एक फोन आला. "सायबरच्या वकिलाकडून बोलतोय, तुमचे पैसे सोडवून देतो, दहा टक्के आधी भरा." माझा नंबर आता 'पैसे देणारा माणूस' म्हणून कुठल्यातरी यादीत आहे, एवढं त्यातून समजलं. फोन ठेवला. शहाणपणाने नाही, खात्यात शिल्लकच नव्हती म्हणून.

त्या दिवाळीनंतर आमच्या ग्रुपमधल्या ज्याला आधी काम मिळालं होतं, त्याला सगळं सांगितलं. तो मला वर्सोव्याला आरामनगरमध्ये घेऊन गेला. बैठ्या बंगल्यांमधून कास्टिंगची ऑफिसं, बाहेर बाकड्यावर, पायऱ्यांवर पोरं-पोरी कागद पाठ करत बसलेली. आत जायचं, फळीवर नाव आणि नंबर लिहून छातीशी धरायचा, प्रसंग करायचा, बाहेर यायचं. पाच मिनिटं. कुणी कौतुक केलं नाही आणि कुणी पैसेही मागितले नाहीत. कार्डाचं विचारलं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "कसलं कार्ड?" कलाकारांच्या संघटनेचं सदस्यत्व असतं, पण ते संघटनेकडे अर्ज करून मिळतं. ऑडिशनला ते कुणी विचारत नाही. कोऑर्डिनेटरचा हिस्सा असतो, पण तो काम झाल्यावर, मिळालेल्या मानधनातून. माझं लॅमिनेट केलेलं आर्टिस्ट कार्ड सध्या मुलगी कॅरमवर पावडर पसरायला वापरते.

पुढच्या वर्षी साताऱ्याजवळ एका मालिकेत खरं काम मिळालं. एक दिवस, तलाठी, चार वाक्यं. मेकअप झाल्यावर एक पोरगा आला आणि म्हणाला, "सर, शर्टाची दोन बटणं काढा." मी दचकलो. त्याने बारकासा माईक काढला, आवाज खरखरू नये म्हणून त्याला चिकटपट्टी गुंडाळली, माझ्या छातीवर शर्टाच्या आतून बसवला आणि वायर कमरेच्या डबीत खोचली. "बोला काहीतरी." मी काय बोलणार? माझ्या डोळ्यांसमोर मढचा बंगला. तिथे माईक नव्हता. ना छातीला, ना काठीवर धरलेला. सहा माणसांनी दिवसभर घसा फोडून संवाद म्हटले आणि आवाज कुणी टिपलाच नव्हता. नाटकवाला असल्यामुळे मला माईकची उणीव भासली नाही. आपला आवाज पोचतो, एवढंच आपल्याला माहीत.

मानधन ठरलं होतं 3,000. मालिकेचे पैसे तीन महिन्यांनी येतात हे तोवर कळलं होतं, म्हणून कुणाला फोन करून छळलं नाही. एका दुपारी बँकेचा मेसेज आला. टीडीएस कापून 2,700. मी काही न बोलता मोबाइल बायकोपुढे धरला. तिने चष्मा लावला, मेसेज दोनदा वाचला.

"जमा आहेत ना हे? वजा नाहीत ना?"