क्रिस्टल व्हायोलेट की कॉन्फोकल?

एलएल-३७ हे जिवाणू मारणारं पेप्टाइड (छोटं प्रथिन) स्यूडोमोनास जिवाणूच्या बायोफिल्मवर, म्हणजे पृष्ठभागाला चिकटलेल्या जिवाणूंच्या थरावर, तपासायचंय, पद्धत कुठली घेऊ, असं एमएस्सीच्या एका मुलीने विचारलं.

खर्चात क्रिस्टल व्हायोलेटला, म्हणजे या जांभळ्या रंगाने थर रंगवून मोजण्याला, तोड नाही. ९६ खळग्यांच्या एकाच प्लेटवर सगळ्या मात्रा बसतात. पण धुताना हात जड पडला की थरच निघून जातो. मोठी खोट म्हणजे हा रंग मेलेल्या जिवाणूंनाही चढतो. पेप्टाइडने सगळे मारले तरी खळगा जांभळाच दिसू शकतो.

कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकावर, दोन चमकणारे रंग वापरून, जिवंत जिवाणू हिरवे, मेलेले लाल, तेही थरोथर दिसतात. यंत्राची वेळ महाग, नमुने मोजकेच. शिवाय लाल रंग पेशींबाहेरच्या डीएनएलाही धरतो, हे विसरू नकोस.

बायोफिल्म बनणंच थांबतं का, एवढंच पाहायचं तर प्लेट पुरे. सोबत जिवाणूंची वाढही मोज, म्हणजे वाढच खुंटल्याने थर कमी झाला का ते कळेल. तयार थरात पेप्टाइड किती खोलवर मारतं हे हवं असेल, तर कॉन्फोकलच घे.