मोतमाउलीच्या वाटेवरचे मेणाचे दुकान

वांद्र्याच्या टेकडीवर मोतमाउलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या, बॅसिलिका चर्चबाहेर मेणाच्या वस्तू विकणारी दुकाने ओळीने मांडलेली असतात. त्यांपैकी एका दुकानातून मी वर्षभराच्या अंतराने दोनदा खरेदी केली आणि हा अभिप्राय त्या दोन्ही खरेदींविषयी आहे.

पहिली खरेदी जत्रेतली. मारियामातेचा जन्मसण ८ सप्टेंबरला असतो आणि त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर येथे जत्रा भरते. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली होती, म्हणून आम्ही वसईहून आलो आणि मेणाचा एक पाय घेतला. जे मागायचे त्याची मेणाची आकृती येथे मातेला वाहतात. गुडघ्याखालचा, वीतभर लांब, पिवळसर पांढरा, आतून पोकळ. साच्याच्या दोन अर्धांची शिवण पोटरीवर स्पष्ट दिसत होती आणि बोटे सुटी नसून एका लाटेसारखी एकत्र वळलेली होती. दुकानदाराने तो वर्तमानपत्राच्या एकाच घडीत गुंडाळून दिला. गर्दीत रेटारेटी होऊन वेदीपाशी पोहोचेपर्यंत तो घोट्यात मोडला. आईला ते अपशकुनासारखे वाटले, मला निव्वळ निष्काळजीपणा वाटला. सोबत फुले, मेणबत्ती आणि नारळ घ्यायलाच हवा असा आग्रहही झाला, तो टाळता आला असता.

दुसऱ्या वेळी मी मुद्दाम जत्रा टाळून साध्या दिवशी सकाळी गेलो. आई आता काठीशिवाय मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाते, त्याचे आभार मानायचे होते. फळीवर घर, बाळ, हात, डोळे, हृदय, विमान असे सगळे मांडले होते, आणि ते पाहताना प्रथमच ध्यानात आले की ही सारी मागण्यांची यादी आहे. आभारांसाठी वेगळा साचाच नाही. दुकानात त्या दिवशी एक वयस्क बाई होत्या. “काय मागायचंय, बाळा?” त्यांनी विचारले. “मागायचं काही नाही, मावशी, आईचा पाय बरा झाला,” असे मी म्हटल्यावर त्यांनी क्षणभरही विचार न करता तसाच मेणाचा पाय पुढे केला आणि म्हणाल्या, “मग हा घे. तेव्हा दुखरा दिलास, आता बरा दे.”

या एका वाक्यासाठी मी या दुकानाला वरचा दर्जा देतो. आपल्याकडे नवस बोलणे आणि फेडणे हा व्यवहार इतका अंगवळणी पडला आहे की ख्रिस्ती माणूसही नकळत देवाशी हिशेब मांडतो: काम झाले, देणे फेडले, खाते बंद. वास्तविक मिस्साबलिदानाला ग्रीक भाषेतून आलेले जे नाव आहे, युखरिस्त, त्याचा अर्थच उपकारस्तुती. आणि बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात येशूने बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी परत फिरलेला एकटा शोमरोनी, म्हणजे शोमरोन प्रांतातला माणूस, काही फेडायला आला नव्हता, तो नुसता पाया पडायला आला होता. शस्त्रक्रिया डॉक्टरांनी केली हे मला ठाऊक आहे आणि त्यांचे आभार मी वेगळे मानले आहेत. तरीही त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर जपमाळ हातात धरून बसलो असताना मी एकटा नव्हतो, ही माझी श्रद्धा आहे आणि तिचा पुरावा मागितल्यास तो माझ्यापाशी नाही.

मालाविषयी सांगायचे तर मेण उन्हात मऊ पडते, म्हणून खरेदी करून थेट वर जावे. लहान आकृत्यांचे बारकावे ओबडधोबड आहेत. डोळ्यांची जोडी तर बटणांसारखी दिसते. किंमत सांगितल्याप्रमाणेच घेतली गेली, मात्र सुटे पैसे जवळ ठेवावेत. या वेळी मावशींनी पाय तीन पदरी कागदात बांधून दिला आणि तो शाबूत पोहोचला. १९०४ साली बांधलेल्या या दगडी मंदिरात सकाळच्या शांततेत मला वेदीसमोर हवा तेवढा वेळ थांबता आले, जे जत्रेत अशक्य होते.

आईसाठी तेथूनच एक जाड, साधी मेणबत्ती आणली. ती तिने अजून लावलेली नाही. वीज गेल्यावर उपयोगी पडेल, म्हणते.