"एकही वायर नाही कापत भाऊ"

नागपुरात मे महिन्यात दुपारी दोनला उघड्यावर उभी असलेली गाडी म्हणजे भट्टीच. आईला आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला न्यावं लागतं, ती बसायच्या आधी एसी चालू असावा एवढीच माझी हौस. म्हणून सीताबर्डीकडच्या एका अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात रिमोट स्टार्टर, म्हणजे दुरूनच बटण दाबून इंजिन सुरू करणारं किट, बसवायला गेलो.

"एकही वायर नाही कापत भाऊ, पूरं कपलर टू कपलर, प्लगमंधी प्लग. वॉरंटीले काहीच नाही होत," दुकानदार म्हणाला. 14,500 सांगितले, 13,500ला जमवलं. माझी गाडी गिअरची आहे, ऑटोमॅटिक नाही, हे दोनदा सांगितलं. "चालते ना!" प्रोग्रामिंगसाठी म्हणून त्यानं दुसरी किल्लीही ठेवून घेतली. संध्याकाळी सगळं हातात दिलं. बिल मागितलं तर वहीच्या पानावर आकडा लिहून दिला. तेव्हाच खटकायला हवं होतं. पण रिमोट दाबला, गाडी सुरू झाली, आणि मी खूश.

आठवडाभर मजा होती. मग कधीकधी किल्ली फिरवली की इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडायचं आणि डॅशबोर्डवर किल्लीचं चिन्ह लुकलुकायचं. गाडी तीन दिवस उभी राहिली की बॅटरी बसलेली. "बॅटरी जुनी झाली असन भाऊ," दुकानदार फोनवर म्हणाला. नवी टाकली. तीही बसली.

एका रविवारी मुलानं बाल्कनीतून रिमोट दाबला. आमच्या गल्लीला उतार आहे, म्हणून मी गाडी सवयीनं पहिल्या गिअरमध्ये ठेवतो. गाडीनं जागेवरून उडी घेतली आणि शेजाऱ्यांची स्कूटर आडवी केली. स्कूटरवर तेव्हा कोणी बसलेलं नव्हतं. दुकानदाराला सांगितलं तर मलाच विचारतो, "गिअरमध्ये कायले ठेवली?"

शेवटी ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियननं स्टिअरिंगखालचं पॅनल उघडलं. क्लच दाबल्याशिवाय गाडी सुरू होऊ नये म्हणून पेडलपाशी एक स्विच असतो. त्याच्या दोन्ही वायरी सोलून एकमेकींना पिळल्या होत्या. वरची टेप उन्हानं वितळून चिकट झालेली, बोटाला लागत होती. म्हणजे गाडीच्या लेखी क्लच कायमचाच दाबलेला. हँडब्रेकची वायर किटला जोडलेलीच नव्हती. मीटर लावला तर बंद गाडी 300 मिलिअँपिअर खात होती; 50च्या आसपास चालतं म्हणे.

मग त्यानं इग्निशनच्या कड्याला, म्हणजे किल्लीच्या भोकाभोवतीच्या चिप वाचणाऱ्या कड्याला, चिकटवलेली टेपची गुंडाळी सोडवली. आत चिंचोक्याएवढी काळी चिप. माझ्या दुसऱ्या किल्लीतली! हीच चिप ओळखून इमोबिलायझर, म्हणजे गाडीची चोरी रोखणारी यंत्रणा, इंजिन चालू राहू देतो. ती कायमची तिथं बसवली म्हणजे बाजारात कापलेल्या साध्या किल्लीनंही गाडी चालू होणार. दोन चिपा एकाच जागी आल्या की कडं गोंधळतं, म्हणून ते लुकलुकणं. चिप बाजूला ठेवून दुसरी किल्ली लावली, इंजिन एक क्षण सुरू झालं आणि मेलं. ती किल्ली महिनाभर कपाटात निव्वळ लोखंडाचा तुकडा म्हणून पडली होती. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते, तेव्हा मी काय दाखवणार होतो?

त्यानं सांगितलं, रीतसर काम वेगळंच असतं. किल्ली नसताना गाडीला चिपची ओळख पटवून देणारा बायपासचा डबा असतो, तो चिप कड्याशी फक्त रिमोट दाबल्यावर तेवढ्यापुरती जोडतो. आणि गिअरची गाडी उभी करताना इंजिन चालू ठेवून न्यूट्रल करायचं, हँडब्रेक ओढायचा, किल्ली काढून उतरायचं. दारं बंद झाल्यावर इंजिन आपोआप थांबतं आणि मगच रिमोट तयार होतो. मध्ये एक जरी दार उघडलं तरी रद्द. हे सगळं दुकानदाराला तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. दाखवत नसेल तर किल्ली परत घ्या, दुसरी तर देऊच नका. दिलीच, तर घरी येण्याआधी दोन्ही किल्ल्या गाडीपासून लांब ठेवा आणि तिसऱ्या, बिनचिपच्या किल्लीनं इंजिन चालू राहतं का ते बघा.

वायरिंग नीट करायला, चिप परत किल्लीत बसवायला आणि स्कूटरला मिळून 9,800 गेले. 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी पहिल्यांदा बिलच विचारलं. वहीचं पान आणि दुकानदाराच्या भाच्याच्या नंबरवर केलेलं पेमेंट, एवढंच माझ्याकडे होतं. बऱ्याच फेऱ्या मारून 4,000 परत मिळाले, तेही "तुमच्याकडं पाहून".

आता आईला न्यायचं असलं की मी पाच मिनिटं आधी खाली उतरतो, चारही दारं उघडतो, आणि दुपट्टा डोक्याला बांधून बाजूला उभा राहतो.