मावशीसाठी कुठलं केंद्र: बंगल्यातलं की चार मजली?

मावसभावाचा फोन आला. मावशीचं खुब्याचं हाड मोडलंय, घरी दोघंही नोकरीवर. कोथरूडच्या बंगल्यातलं छोटं शुश्रूषा केंद्र की शहराबाहेरचं मोठं, चार मजली? माहितीपत्रकं बाजूला ठेवून दोन्ही पाहून आलो.

नोंदणी: १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावं लागतं. मोठ्यात होतं. बंगल्यात विचारल्यावर कपाटातून निघालं, पण मुदतीतलं होतं.

खर्च: बंगला स्वस्त वाटतो. मात्र डायपर, औषधं, फिजिओ वेगळे, त्यामुळे बेरीज केली की फरक फारसा उरत नाही.

रात्र: खरी परीक्षा इथेच. मी मुद्दाम रात्री नवानंतर गेलो. मोठ्यात नर्स जागी होती, पण घंटा पलंगाच्या मागे लोंबकळत होती, म्हाताऱ्या हातांना सापडणार कशी? बंगल्यात नर्स नाही, एक आयाबाई सहाजणींना बघत होत्या. पण पडून राहून जखमा होऊ नयेत म्हणून कूस कधी बदलली ते दर दोन तासांनी वहीत लिहिलेलं, आणि एका आजींच्या टाचा पाहिल्या तर कोरड्या, स्वच्छ. तेवढ्यात दुसऱ्या आजींनी "चहा घेणार का?" विचारलं!

आग लागली तर? बंगला तळमजल्यावर, दारं रुंद. मोठ्यात जिन्यात गाद्या रचलेल्या.

इन्सुलिन, कॅथेटर (लघवीची नळी), ऑक्सिजन लागत असेल तर मोठंच घ्या, घंटा आणि जिन्याचं आधी भांडून. मावशीला हवाय तो आधार आणि बोलायला माणूस, तिला बंगला.