व्हॅलेहोचा ‘जर्मन रेड ब्राऊन’ प्रायमर: विजयदुर्गाच्या तटासाठी

इवल्या मूर्ती आणि किल्ल्यांचे देखावे करून रंगवणाऱ्यांनो, जून ते सप्टेंबर देवगड-रत्नागिरीच्या पट्ट्यात स्प्रे प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, डबा कपाटातच बरा. हवेत ऐंशी टक्क्यांच्या वर दमटपणा असतो. स्प्रेमधला सॉल्व्हंट झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प धरतं आणि नुसता हात फिरवला तरी खरखर लागते. शिवाय तोच सॉल्व्हंट एक्सपीएस, म्हणजे तट कोरायला वापरतात तो घट्ट, बिनदाण्याचा फोम खातो; मेहनतीने कोरलेल्या तटाला खड्डे पडतात ते वेगळेच. त्यामुळे इथे ब्रशने लावायचा, पाण्यावर चालणारा प्रायमर हवा. व्हॅलेहो या मॉडेलचे रंग बनवणाऱ्या कंपनीचा सरफेस प्रायमर त्या कामाला चोख आहे, आणि जांभ्याचा तट करायचा असेल तर ७३.६०५ क्रमांकाची (‘जर्मन रेड ब्राऊन’) ६० मिलीची बाटली डोळे मिटून घ्यावी.

रणगाड्याच्या पत्र्याला मारायच्या तांबड्या अस्तराची ही छटा. कंपनीच्या डोक्यात कोकण असण्याचं काही कारण नाही, पण जुन्या जांभ्याच्या भेगांमधला गडद तांबूस-तपकिरी रंग याहून जवळचा तयार मिळत नाही. प्रायमर सुकला की सावलीचा थर आपोआप झालेला असतो. वरून फक्त उजेड चढवायचा.

आता वापर. विषय समजा फेब्रुवारी १७५६ चा: इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह घेरियावर, म्हणजे विजयदुर्गावर चालून आले, तेव्हाची तटावरची एक तोफ आणि तीन गोलंदाज. दहा सेंटिमीटरचा चौरस बेस, २८ मिमीच्या मूर्ती. तटासाठी २० मिमी जाडीचा एक्सपीएस घ्या. टीव्हीच्या खोक्यातलं दाणेदार थर्माकोल नको, कापताना दाणे सुटतात. इथे बहुतेकांचं माप चुकतं. आजचा चौदा इंची चिरा या प्रमाणात जेमतेम ६ मिमी होतो. तसेच चिरे कापले तर किल्ल्याचा तट कंपाउंडच्या गडग्यासारखा दिसतो. किल्ल्याचा दगड ८ ते १२ मिमी ठेवा, सगळे एकसारखे नकोत. जांभ्याची भोकं टूथपिकने तिरकी टोचा, मग तारेच्या ब्रशने हलके ठोका. सरळ टोचलेली भोकं चाळणीसारखी दिसतात. जोडायला फेव्हिकॉल, इन्स्टंट ग्लू फोमला लावू नका, तोही फोम वितळवतो.

बाटली हातात लोळवून ढवळा. जोरजोरात हलवली की फेस येतो, आणि तो फेस नेमका त्या भोकांत बसून सुकतो. हलवलीच असेल तर दहा मिनिटं ठेवून द्या. फोम पहिला थर अक्षरशः पितो, तेव्हा तटाला छोटी बाटली घेण्यात अर्थ नाही. दोन पातळ थर द्या, जाड एक नको. प्रायमर स्वतः सपाट पसरतो हा त्याचा गुण, पण पागोट्याच्या घड्यांत साचला तर तपशील बुजतो. ओलसर ब्रशने लगेच ओढून घ्या. एरवी एका दिवसात पक्का होतो. पावसाळ्यात दोन दिवस द्या, आणि झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

दोष दोन आहेत, आणि दोन्ही खरे. थर पॉलियुरेथेनचा असल्याने पॉलिश पेपर मारता येत नाही. घासलं की सालासारखा पापुद्रा निघतो. तेव्हा मोल्डच्या रेषा (साच्याच्या जोडाच्या उंचवट्या) आधीच तासा, मूर्ती साबणाने जुन्या टूथब्रशने धुवा, रेझिन असेल तर नक्कीच. धातूच्या मूर्तीवर तलवारीच्या टोकाला, भाल्याच्या पात्याला हाताच्या घर्षणाने तो निघतो, म्हणून रंगवताना मूर्ती बाटलीच्या बुचावर चिकटवून धरा. दुसरा दोष मूर्तींच्या कपड्यांचा. सावळ्या कातडीला या अस्तराची ऊब छान मिळते, पण पांढरी धोतरं चढवताना दम निघतो, आयव्हरीचे (हस्तिदंती रंग, ७०.९१८) चार-चार थर द्यावे लागतात. मूर्तींना राखाडी प्रायमर (७३.६०१) लावा. आणि हो, तोफेवरच्या माणसांना चिलखत-जिरेटोप चढवू नका. गोलंदाज उघड्या अंगाने, कासोटा मारून, डोक्याला फडकं बांधलेलेच शोभतात.

तटावर ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग, आधी कॅव्हलरी ब्राऊनचा (७०.९८२), मग ऑरेंज ब्राऊनचा (७०.९८१), कडांना किंचित बफ (फिकट पिवळसर, ७०.९७६). ब्रश टिश्यूवर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसा, नाहीतर भोकं भरतात आणि सगळी मजा गेली. मग काळपट तपकिरी वॉश (पाण्यासारखा पातळ रंग) फक्त भोकांत आणि सांध्यांत.

शेवाळाचा मोह आवरा. फेब्रुवारीत तट कोरडा असतो. पावसाळ्यातलं हिरवं तोवर सुकून काळं पडलेलं असतं. पातळ काळ्याचे उभे ओघळ काढा, हिरवा नावापुरता. गवत पिवळं, वाळलेलं. भरतीची रेषा दाखवायची तर खाली काळा पट्टा, त्यावर कालवांचा पांढुरका थर: फेव्हिकॉलवर चिमूटभर बारीक वाळू, वरून आयव्हरी. किनाऱ्यावरची वाळू मात्र दोन-तीनदा गोड्या पाण्यात धुऊन उन्हात वाळवा, नाहीतर मीठ उमलून महिनाभरात बेस पांढरा होतो.

खांदेरी बेटावरचा मराठे-इंग्रज लढाईचा प्रसंग (१६७९) करणाऱ्यांनी ही बाटली घेऊ नये. ते बेट काळ्या बेसॉल्टचं; तिथे काळा किंवा राखाडी प्रायमरच हवा. कोकण म्हटलं की सगळं लाल, ही सवय प्रदर्शनांत फार दिसते.

मॅट वार्निशही ब्रशनेच द्या. पावसाळ्यात मॅट स्प्रे मारून मूर्ती धुरकट झाली असेल, तर वरून ग्लॉस वार्निशचा एक हात दिल्यावर बहुधा धुकं जातं. मग पुन्हा ब्रशने मॅट. स्प्रेची हौस डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दुपारी भागवा, सकाळी दव असतं.

बाटलीची चोच प्रत्येक वापरानंतर पुसून बंद करा. त्यात सुकलेला प्रायमर पाण्याने विरघळत नाही; टाचणीने बाहेर काढायचा, आत ढकललात तर त्याच्या गुठळ्या थेट तटावर येतात.