लायेनडेकरची मुखपृष्ठं फ्रेम करायचीत? हरभट रोडवरचं दुकान

सांगलीत हरभट रोडवरच्या या दुकानात प्रिंट आणि फ्रेम दोन्ही होतात. फ्रेमचं काम डोळे झाकून सोपवावं. प्रिंट काढताना मात्र शेजारी उभं राहावं.

जे. सी. लायेनडेकर या अमेरिकन चित्रकाराने 1899 ते 1943 या काळात ‘सॅटरडे इव्हनिंग पोस्ट’ या तिथल्या साप्ताहिकाची 322 मुखपृष्ठं केली. तिरके, रुंद फटकारे मारायचे आणि मधली जागा उघडी सोडायची, ही त्याची पद्धत. चित्राचा सगळा जीव त्या फटकाऱ्यांत आहे, आणि इथला ऑपरेटर नेमका तोच घालवतो. सवयीने ऑटो कलर आणि शार्पनिंग लावतो. लग्नाच्या फोटोला ते खपतं. इथे जुन्या कागदाची पिवळसर झाक उडते, गाल निळसर पडतात, फटकाऱ्यांच्या कडेला पांढरी रेघ उमटते. दोन्ही बंद करायला सांगा, तो ऐकतो.

12 बाय 18 चा तयार साइज घेऊ नका. मुखपृष्ठाचं प्रमाण साधारण 11 बाय 14 आहे. 12 बाय 18 भरायला गेलं की बाजू कापल्या जातात आणि साप्ताहिकाच्या नावाची अक्षरं तुटतात. 11 बाय 14 इंचांसाठी फाइल किमान 3300 बाय 4200 पिक्सेल हवी, तीही पेनड्राइव्हवर. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली की बारीक होते. अंकावरून स्कॅन केलं असेल तर छपाईच्या ठिपक्यांची जाळी दिसते. 600 डीपीआयला स्कॅन करून, डीस्क्रीन (ही जाळी पुसणारी सोय) लावून मग आकार कमी करावा. कागद मॅट घ्या. लॅमिनेशनला ठाम नकार द्या, चकाकीत फटकारे दिसेनासे होतात.

फ्रेमिंग मात्र सुरेख! माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याची, खिडकी 45 अंशांत स्वच्छ कापलेली, बोर्ड ॲसिड-फ्री (कागद पिवळा न पाडणारा), प्रिंट फक्त वरच्या कडेला दोन कागदी पट्ट्यांवर टांगलेली. चारही बाजूंनी गोंद लावला की पावसाळ्यात कागद फुगतो, सरकायला जागा नसते, आणि लाटा येतात. कृष्णाकाठच्या दमट घरात हे हमखास घडतं. मागची बाजू टेपने बंद करतात, म्हणजे कसर शिरत नाही. खालच्या कोपऱ्यांना रबरी गुंड्या लावतात, म्हणजे फ्रेम ओल्या भिंतीला टेकत नाही. किर्लोस्करवाडीहून निघालेल्या जुन्या ‘किर्लोस्कर’ अंकांची मूळ मुखपृष्ठंही ते अशीच, गोंद न लावता बसवतात. असं काम करणारे फार थोडे.

छापण्याच्या हक्कांचा (कॉपीराइटचा) प्रश्न नाही: लायेनडेकर 1951 साली गेला, आणि आपल्याकडे मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात. याच साप्ताहिकाचा दुसरा मुखपृष्ठकार नॉर्मन रॉकवेल 1978 साली गेला, त्याच्याबाबत हक्क संपले असं गृहीत धरू नका.

पूर्ण प्रिंटआधी त्याच कागदावर चेहऱ्याचा 4 बाय 6 इंचांचा तुकडा काढून मागा आणि दुकानाबाहेर उजेडात पाहा. आतल्या ट्यूबलाइटखाली लाल रंग फसवतो.